भात अजून ऊन असेल

"आता बगा," काळूराम म्हणाला, "राजा तिकडं वर देवांच्या बाजूनं लढाया करतोय. त्याला वाटतंय, झाले आसतील चार-सा दिस. पन वरचं घड्याळ येगळं नि आपलं खालचं येगळं."

मारुतीच्या देवळात पोथी चालली होती. बाहेर श्रावणातली सर येत होती नि जात होती. धाकलूने ओवी गाऊन संपवली होती आणि पानावर बोट ठेवून तो अर्थ पुरा व्हायची वाट बघत होता. सापगावच्या पलीकडच्या त्या वाडीत पोथीची रीत अशी की एकाने ओवी गायची आणि दुसऱ्याने तिचा अर्थ सांगायचा. गाणं धाकलूचं, अर्थ काळूरामचा. अर्थाची ही बैठक काळूरामच्या बापाची. बाप गेल्यावर ती याच्याकडे आली, आणि श्रावणाचा तो महिना सोडला तर उरलेल्या वर्षात काळूरामला वाडीत फारसं कोणी विचारत नसे. म्हणून तो श्रावणाला फार जपायचा.

ओवीत एवढंच होतं, की राजा स्वर्गातून परतला तेव्हा खाली युगं उलटली होती आणि त्याची नगरी जागेवर नव्हती. अर्थ दोन वाक्यांत उरकण्यासारखा होता. पण काळूरामच्या डोक्यात त्या आठवड्यात भलतंच पुस्तक घोळत होतं आणि त्याची जीभ घसरली.

"समजा, एक मानूस हाय. रोज कामाला जातो तसा सकाळी निगाला. आईनं डबा दिला. तो जाऊन बसला एका इमानात. इमान कसं, तर उजेड धावतो ना, त्याच्या बरोबरीनं धावतंय. एवडं जोरात धावलं की आतला टाइम हळू व्हतो. तो मानूस फिरून आला, त्यानं डबा उघडला, तर भात अजून ऊन. आनि इकडं? इकडं त्यानं दारात लावलेला आंबा फळून फळून म्हातारा झाला."

माणसं रंगून ऐकत होती. धाकलूने मात्र चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. विमान कुठल्या ओवीत आलं, असं त्याला विचारायचं होतं, पण भर बैठकीत अर्थाला अडवायचं नसतं. त्याने घसा खाकरला आणि पुढची ओवी धरली.

श्रावणाच्या पहिल्या दिवशी नारळ ठेवताना अर्थ सांगणाऱ्याने पोथीवर हात ठेवून म्हणायचं असतं, "पोथीतलं सांगीन, पदरचं घालनार नाय." काळूराम दरवर्षी म्हणायचा. त्याही वर्षी म्हणाला होता.

आरती झाली, प्रसाद वाटला, माणसं चपला शोधू लागली. पायरीवर धोंडीबाई त्याच्यासाठी थांबली होती. वाडीतलं तिसरं घर तिचं. मान जरा हलायची, पण बाई ताठ.

"काळू, डब्यातला भात ऊन रातो?"

"कुनाचा, काकी?"

"इमानात गेल्याला त्याचा." ती एक पायरी खाली उतरली. "साईनाथचा डबा मीच भरला व्हता रे. भात नि वालाचं बिरडं. अजून ऊन आसंल?"

काळूरामला उत्तर ठाऊक होतं. नाय काकी, ती नुसती गोष्ट हाय, एवढं म्हणायचं होतं. पण तीन वर्षांत त्या बाईच्या तोंडावर कोणी एवढा उजेड बघितला नव्हता, आणि तो विझवायचं काम आपल्याकडून व्हावं असं त्याला वाटेना.

"आसंल, काकी," तो म्हणाला.

धोंडीबाईचा मुलगा साईनाथ तीन वर्षांपूर्वी गेला तो असा. म्हसा गावची जत्रा नुकतीच संपली होती, थंडी होती. रोजच्यासारखा तो सायकलवरून आसनगाव स्टेशनला आला. तो कल्याणच्या पुढे एका कारखान्यात होता. त्याने सायकल स्टँडवर लावली, पत्र्याचा बिल्ला घेतला आणि गाडीला गेला. संध्याकाळी आला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, त्या महिन्यात नाही. कारखान्यात तो त्या दिवशी पोचलाच नव्हता. पोलीस झाले, इस्पितळं झाली, भगत झाला. कोणी म्हणे सुरतेला दिसला, कोणी म्हणे नाशिकला बैराग्यांत. मागे आई राहिली आणि बायको देवकी राहिली. देवकीच्या लग्नाला तेव्हा पुरतं वर्षही झालं नव्हतं.

त्या सायकल स्टँडवर बसणारा माणूस म्हणजे आपला काळूरामच. साईनाथला शेवटचं त्यानेच बघितलं. बिल्ला घेताना पोराने विचारलं होतं, "काय वाचताव तात्या?" काळूराम म्हणाला, "मंगळावरचं." "मंग परतीचा टाइम काय त्याचा?" असं म्हणून तो हसत हसत पुलाकडे गेला होता. साईनाथची सायकल अजून तिथेच होती, भिंतीकडच्या ओळीत सगळ्यात शेवटी. हँडलला जोडीचा दुसरा बिल्ला लटकत होता. ठेकेदार दोनदा म्हणाला, उचल ते धूड. काळूराम 'हो' म्हणाला आणि फडक्याने सीट पुसून ठेवली.

स्टँड म्हणजे पत्र्याची शेड. सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास काय ती धावपळ, मधला सगळा दिवस रिकामा. समोर सायकली माना वळवून उभ्या आणि त्यांच्या मागे माहुलीचा डोंगर. पहिलं पुस्तक त्याला एका सायकलच्या कॅरियरला लावलेलं मिळालं. सायकलवाला बँकेतला होता. तो म्हणाला, वाचा संध्याकाळपर्यंत. संध्याकाळी तो परतला तेव्हा काळूराम पृथ्वी सोडून बराच लांब गेला होता आणि त्याने बिल्ला न बघताच सायकल सोडली. मग शहापूरच्या वाचनालयात त्याने नाव घातलं. तिथे स्नेहल नावाची मुलगी पुस्तकं द्यायची. पहिल्यांदा तिला वाटलं, काका नातवंडांसाठी नेत असतील.

काळूरामच्या लेखी कादंबऱ्या दोन जातींच्या होत्या. एक यानांच्या आणि एक देवादिकांच्या. संसाराच्या कादंबऱ्या तो नेत नसे. संसार घरी होता.

यानांच्या पुस्तकांविषयी त्याच्या तक्रारी पुष्कळ. त्यात चिखल नसतो. कोणाला घाम येत नाही, कोणाचा जावई रुसत नाही. माणसं गोळी खातात आणि पोट भरतं, हे वाचून त्याला दोन दिवस जेवण गोड लागलं नव्हतं. सगळे बोलतात ते शाळा तपासायला आल्यासारखे. पण त्याच पुस्तकांत एखादी खिडकी असायची. त्या खिडकीतून कोणीतरी मागे बघायचा आणि त्याला आपली पृथ्वी बोराएवढी दिसायची. तिथे काळूराम पुस्तक पालथं घालायचा. एवढ्याशा बोरावर शहापूर, त्यात आसनगाव, त्यात ही शेड, त्यात ह्या सायकली. त्याला कसंसंच व्हायचं, आणि ते त्याला फार आवडायचं.

देवादिकांची पुस्तकं लिहिणारे त्याला धीट वाटायचे. पुराणातला एखादा कोपऱ्यातला माणूस उचलायचा आणि सगळं रामायण त्याच्या तोंडून वदवायचं, हे त्याला पदरचं घालण्याची कमाल वाटे. एका कादंबरीत डोंगरच बोलत होता. पूर्वी डोंगरांना पंख होते, इंद्राने ते छाटले, ही गोष्ट काळूरामला पोथीवरून ठाऊक होती. पण छाटल्यावर डोंगराला काय वाटलं हे पोथीत नव्हतं. कादंबरीतला डोंगर म्हणत होता, दर पावसाळ्यात माझे खांदे शिवशिवतात. त्या दिवशी काळूरामने मान वर केली. माहुलीचे सुळके ढगात बुडाले होते. तेव्हापासून माहुलीवर त्याचा पुरता भरवसा राहिला नाही. आषाढात डोंगर आठ-आठ दिवस दिसायचा नाही, आणि उघडीप झाली की काळूराम शेडबाहेर येऊन बघायचा, आहे की गेला.

पुढे त्याच्या लक्षात आलं, की दोन्ही जाती मुळात एकच आहेत. दोन्हींत कोणीतरी घर सोडून निघालेला असतो, आणि पुस्तक त्याच्या मागोमाग निघून जातं. दारात जे उभे राहतात, त्यांच्यापाशी पुस्तक थांबत नाही.

आणखी एक खोड होती. काळूराम शेवट वाचत नसे. थोडी पानं राहिली की पुस्तक मिटायचा आणि परत द्यायचा. "शेवट नाही ना वाचलात?" स्नेहल विचारायची. "ऱ्हाऊ दे," तो म्हणायचा. शेवट वाचला की त्या माणसांचं जे व्हायचं ते होऊन जातं. नाही वाचला तर ती चाललेलीच असतात. उजेडाच्या वेगाने जाणाऱ्या माणसाचं पुस्तकही त्याने असंच, तो माणूस परत येऊन दाराशी पोचला तिथेच मिटलं होतं.

त्या श्रावणानंतर धोंडीबाई बदलली. भगताकडे जाणं बंद झालं. रडणं बंद झालं. दर सोमवारी साईनाथचे सदरे धुऊन वाळत पडू लागले. तिने अंगणात आंब्याची कोय लावली, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागली, "आमाला वरसं झाली, त्याला नाय. त्याला आजून दोपारच नाय झाली." वाडीला बरं वाटलं. म्हातारी शांत झाली, काळूने पोथीतून बरोबर अर्थ काढला, असं जो तो म्हणाला. काळूराम मान खाली घालून ऐकायचा.

वैशाखात देवकीचा भाऊ शेखर तिच्या माहेराहून, म्हशाकडून आला. मुरबाडला एक पंप दुरुस्त करणारा होता, बायको वारलेली, माणूस निर्व्यसनी. देवकीचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, लावायची गोष्ट होती. वाडीत पाट काही नवा नव्हता, त्यात कोणाला कमीपणा वाटत नसे. फक्त धोंडीबाईने हो म्हणायला हवं होतं.

धोंडीबाईने शेखरला पोटभर जेवू घातलं आणि म्हणाली, "माझा पोर गेला तेवडाच हाय आजून. उद्या डबा घेऊन दारात हुबा राला नि बायको खंय इचारलं, तर काय सांगू? पोथीत हाय ते. काळूला इचार."

शेखरने काळूरामला विचारलं नाही. तो उठला आणि एस्टीने गेला. विचारायला दुसऱ्या आठवड्यात देवकी आली. शहापूरच्या बाजाराला आलेली, तशीच रिक्षाने आसनगावला उतरली. दुपार होती, शेडमध्ये चिटपाखरू नव्हतं. ती आधी साईनाथच्या सायकलपाशी गेली. घंटी वाजवून बघितली. वाजली नाही.

"तात्या, एक इचारू?"

"इचार गो."

"आई बोलते ती इमानाची गोष्ट पोथीतली नाय ना?"

काळूराम पुस्तकाची कडा चाचपत राहिला. "नाय," तो शेवटी म्हणाला. "वाचनालयातली हाय."

"मला वाटलंच. पोथीत डबा नसतो." तिला राग आलेला दिसला नाही. ती भिंतीला टेकून खाली बसली. "मला जायचंच हाय असं नाय तात्या. नाय जायचं असं पन नाय. आई एकटी पडंल. पन माझं मला तरी कळू दे. दर सोमवारी त्याचे सदरे धुते. तो तेवडाच नि मी जुनी व्हत चालली. एक सांगा. त्या इमानातल्या मानसाची बायको व्हती?"

"व्हती."

"तिचं काय झालं?"

काळूराम तिच्याकडे बघतच राहिला. एवढ्या वर्षांत, एवढी यानं उडाली, पण हे त्याने कधी विचारलं नव्हतं.

"म्हाईत नाय," तो म्हणाला. "शेवट नाय वाचला."

देवकी थोडं हसली. मग पदर सारखा करून उठली आणि रिक्षाच्या वाटेला लागली. ती गेल्यावर त्याला कुठे तोंड लपवावं असं झालं.

दुसऱ्या दिवशी त्याने स्टँड शेजारच्या चहावाल्यावर सोपवला आणि शहापूर गाठलं. स्नेहलने कपाटाच्या वरच्या फळीवरून पुस्तक काढून दिलं. "आता दोन हजार साल येतंय काका, खरीच यानं सुटतील. तुम्ही जुनंच परत काय नेताय?" वाचनालयाच्या बाकावर बसूनच त्याने राहिलेली पानं वाचली. वाचून झाल्यावर पुस्तक मांडीवर ठेवून तो बराच वेळ बसला. खाली रस्त्यावर भाजीवाल्या ओरडत होत्या आणि त्याला त्या फार लांबून ऐकू येत होत्या.

तिथून तो थेट धोंडीबाईच्या घरी गेला. ती अंगणात आंब्याच्या रोपाला पाणी घालत होती. रोप वीतभर झालं होतं.

"काकी, मी ते इमानाचं सांगलं ना, ते पोथीत नाय. पुस्तकातलं हाय. कुनीतरी बसून लिवलेलं."

धोंडीबाईने तांब्या खाली ठेवला. "देवळात सांगलंस, पोथीवर हात ठेवून. नि आता माझ्या अंगनात येऊन सांगतोस नाय म्हनून. मी कुटलं धरू?"

"आताचं धरा."

"नाय रे बाबा," ती शांतपणे म्हणाली. "देवळातलं देवळात. शेखरनं धाडलं का तुला?"

तिचं बरोबर होतं. देवळात बांधलेली गाठ अंगणात सुटत नाही. आणि देवळात सोडायची म्हणजे काय, ते त्याला पक्कं ठाऊक होतं. पदरचं घातलं असं अर्थवाल्याने स्वतःच्या तोंडाने म्हटलं, की त्याला त्या बैठकीवर बसता येत नाही. कोणी उठवावं लागत नाही, आपणच उठायचं असतं. बापाची जागा होती. वर्षातला तेवढाच एक महिना होता. आषाढभर त्याला नीट झोप लागली नाही, आणि माहुलीकडे बघायचंही तो विसरला.

श्रावण लागला. पहिल्या दिवशी नारळ ठेवताना त्याने पोथीवर हात ठेवला आणि दरवर्षीचे शब्द म्हटले. रोज एकेक अध्याय होत होता. तो जपून, मोजकं बोलत होता, आणि बायकांच्या बाजूला खांबाशी बसलेली धोंडीबाई आणि तिच्या मागे देवकी, दोघी त्याला दिसत होत्या. मग एका संध्याकाळी तीच ओवी आली. धाकलूने ती गायली, राजा परतला, नगरी जागेवर नव्हती, आणि पानावर बोट ठेवून तो थांबला.

काळूरामने खांबाकडे बघितलं. माणसं वाट बघू लागली.

"मागच्या वरसाला या ओवीवर मी इमानाची गोष्ट सांगली," तो म्हणाला. "ती पोथीत नाय. मी ती पदरची घातली."

देवळात कुजबुज झाली. धाकलूने बोट पानावरून उचललं.

"चूक झालीच. पन दुसरी चूक अशी झाली, की गोष्ट मी अर्धीच सांगली. मलाच पुरी म्हाईत नव्हती. अर्धी गोष्ट लोकांच्या घरात ठेवून आलो. आता पुरी सांगतो नि उठतो. राजाचा अर्थ धाकलू सांगंल."

"सांग," धाकलू हळूच म्हणाला.

"तो मानूस फिरून आला. त्याचा डबा ऊन. गावात आला तर वळखीचं कायच नाय. मानसं नवी, रस्ते नवे. त्याला वाटलं, आता आपल्याला या म्हननारं कोनी नाय. तो एका दारात हुबा राला. आतून एक बाप्या आला. वयानं याच्यापेक्षा मोटा, डोक्याला टक्कल. तो बोलला, या, तुमची वाट बगत व्हतो, पान वाडलंय. आता हा बाप्या कोन? तर याच्या बायकोचा नातू. याचा नाय, तिचा. ती बसून नव्हती राली. थोडी वरसं वाट बगितली नि मंग दुसरं घर केलं. पोरं झाली, पोरांना पोरं झाली. पन मरताना सांगून गेली, एक मानूस येईल. तरनाताठा आसंल. त्याला काय इचारू नका, जेवायला वाडा."

धोंडीबाईची मान त्या वेळी हलत नव्हती.

"ती जर दारात बसून राली आसती, तर काय झालं आसतं? तीबी गेली आसती नि दाराला कुलूप आसतं. तो कुलपासमोर हुबा राला आसता. ती दुसऱ्या घरी गेली म्हनून त्याला घर मिळालं. तो जेवला. नि आईनं दिलेला डबा त्यानं त्या घरातल्या बारक्या पोरापुडं ठेवला. डबा पुस्तकात नाय, तो माझा. भात अजून ऊन व्हता."

मग काळूरामने पोथीला हात जोडले, बापाच्या वेळेपासूनची चटई सोडली आणि पुरुषांच्या मागच्या ओळीत जाऊन बसला. धाकलू म्हणाला, "ऱ्हाऊ दे रे काळू, बस." काळूरामने मान हलवली. धाकलूने ओवी पुन्हा गायली आणि अडखळत अडखळत तिचा अर्थ स्वतःच सांगितला. राजाला दुःख झालं, एवढाच अर्थ त्याला जमला.

धोंडीबाई त्या संध्याकाळी पायरीवर थांबली नाही. पुढेही काही बोलली नाही. दसरा गेला, दिवाळी गेली, भात कापून झालं. मग तिने आपणहून शेखरला निरोप धाडला.

एका सकाळी स्टँडसमोर जीप उभी राहिली. शेखर उतरला, मागून देवकी, आणि तिचा हात धरून धोंडीबाई. देवकीच्या अंगावर नवं लुगडं होतं. रडून रडून तिचे डोळे सुजले होते. धोंडीबाईचे कोरडे होते.

"काळू, ती सायकल दे हिच्याबरोबर."

काळूरामने सायकल ओळीतून बाहेर काढली. चाकं बसली होती. तो पंप घेऊन हवा भरायला बसला. रबर चिरलं असेल अशी त्याला भीती होती, पण मागचं चाक फुगलं, पुढचंही फुगलं.

"मी काय तवर नसनार," धोंडीबाई देवकीला म्हणाली. आवाज नेहमीचाच होता, दळण कुठे ठेवलंय ते सांगावं तसा. "तो तुज्याकडंच येईल. तुज्या पोरांना सांगून ठेव. वालाचं बिरडं आवडतं त्याला. सायकल भायेर ठेव, मंजे त्याला घर कळंल."

"आई, मी नाय जात," देवकी म्हणाली.

"जा गो. तू गेली नाय तर तो खंय जेवंल?"

काळूरामने हँडलचा बिल्ला सोडला आणि देवकीच्या हातात दिला. "याची जोडी त्याच्यापाशी हाय. पोरं वळखायची नाय त्याला. बिल्ला दाव म्हनावं."

देवकीने बिल्ला मुठीत धरला. मग ती काळूरामच्या पाया पडायला वाकली, आणि त्याला काय करावं ते सुचेना, म्हणून त्याने पंप एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. शेखरने सायकल जीपच्या टपावर दोरीने बांधली. जीप हलली. पुढच्या चाकाला वारा लागला आणि ते वरच्या वर फिरू लागलं. महामार्गाचं वळण येईपर्यंत ते मागे राहिलेल्या दोघांना दिसत होतं.

धोंडीबाई घरी जायला निघाली नाही. ती शेडमध्ये आली. भिंतीकडच्या ओळीच्या शेवटी सायकलची जागा मोकळी झाली होती. चाकांखालची जमीन बाकीपेक्षा काळपट होती. काळूरामने तिथे पोतं अंथरलं आणि ती त्यावर भिंतीला टेकून बसली.

"तुला आता देवळात बसू देत नाय," ती म्हणाली.

"मीच नाय बसत."

"माज्यापायी."

"नाय काकी. गोष्टीपायी."

समोर माहुली स्वच्छ दिसत होता. थंडी पडू लागली होती. धोंडीबाईने गुडघ्यांवर पदर ओढून घेतला.

"वाच कायतरी," ती म्हणाली. "पुस्तकातलं वाच."

काळूरामने स्टुलावरचं पुस्तक उचललं. एक माणूस एका लांबच्या ताऱ्याकडे निघाला होता. त्याने मोठ्याने वाचायला सुरुवात केली, सवयीने एक परिच्छेद वाचायचा आणि आपल्या बोलीत त्याचा अर्थ सांगायचा. धोंडीबाई डोळे मिटून दर वाक्याला 'हं' म्हणत होती. संध्याकाळच्या सायकली निघाल्या तेवढ्यापुरता तो उठला, बिल्ले घेतले आणि परत येऊन बसला. दिवेलागण झाली तेव्हा थोडीच पानं उरली होती. काळूराम थांबला आणि पुस्तक मिटायला लागला.

"हं," धोंडीबाई म्हणाली. "मंग?"

त्याने बल्ब लावला आणि पान उलटलं.